ताठरतेच्या गोळ्या: घेण्याआधी काय पाहायचं आणि घेताना काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५६. नऊ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबासाठी रोज ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून तपासण्या झाल्या. तेव्हापासून 'लागली तर असू द्या' म्हणून दिलेली जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी पाकिटात असते, पण ती कधी घ्यावी लागली नाही. मित्राने दिलेली, लिंगाच्या ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल १०० मिलिग्रॅमची गोळी भरपेट जेवणानंतर, दोन पेग झाल्यावर घेतली. अर्धा तास वाट पाहिली, काही झालं नाही. मग डोकं ठणकलं, नाक चोंदलं आणि रात्री बाथरूमला उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आता गोळी बदलावी की डोस वाढवावा, आणि हृदयाला यातून काही धोका आहे का?

बदलायचीही नाही आणि वाढवायचीही नाही. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत या जातीची एकही गोळी घ्यायची नाही. खरी अडचण पाकिटातल्या त्या दुसऱ्या गोळीची आहे. त्या रात्री छातीत दुखलं असतं आणि घाईघाईने सॉर्बिट्रेट जिभेखाली गेली असती, तर प्रकरण अंधारीवर थांबलं नसतं.

नळ आणि निचरा

लैंगिक उत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यामुळे पेशींमध्ये सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि ताठरता येते. हे सीजीएमपी मोडून टाकायचं काम पीडीई-५ नावाचं विकर (एन्झाइम) करतं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अवानाफिल ही सगळी औषधं त्या विकराला अडवतात. म्हणजे टाकीचा नळ ती उघडत नाहीत, फक्त निचऱ्याचं भोक बुजवतात. नळ उत्तेजनेनेच उघडतो. गोळी घेऊन टीव्हीपुढे घड्याळाकडे बघत बसलं तर काहीही होत नाही, आणि तेवढ्यावरून 'गोळी फुसकी निघाली' असा निकाल पुष्कळ जण लावून टाकतात.

नायट्रेट गटातली औषधं मात्र नळच उघडतात, तोही सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांमध्ये. नळ पूर्ण सुटलेला आणि निचरा बंद अशी गाठ पडली की रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि आधीच अरुंद असलेल्या हृदयाच्या धमन्यांना रक्त पुरेनासं होतं. डोस अर्धा करून किंवा मध्ये चार-सहा तास सोडून हे टळत नाही. नायट्रेट चालू असेल, रोज असो वा कधीमधी, तर ताठरतेची ही औषधं वर्ज्य. यात नायट्रोग्लिसरिन (गोळी, स्प्रे किंवा त्वचेवर लावायचा पॅच), आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि मोनोनायट्रेट येतात. सॉर्बिट्रेट म्हणजे डायनायट्रेटच. निकोरँडिल नेहमी नजरेतून सुटतं, कारण नावात नायट्रेट नाही. पण त्याच्या रेणूत नायट्रेटचा भाग आहे आणि तेही इथे चालत नाही. फुप्फुसांच्या वाढलेल्या रक्तदाबासाठी देतात ते रिओसिग्वाटही नाही. आणि पार्ट्यांमध्ये 'पॉपर्स' म्हणून हुंगतात ते अमाइल नायट्राइट तर अजिबात नाही. ते घेणारे त्याला औषध समजत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी 'कोणती औषधं चालू आहेत' विचारलं तरी सांगत नाहीत.

तुमची सॉर्बिट्रेट दोन वर्षांत एकदाही लागली नाही, ही आशेची गोष्ट आहे. 'असू द्या' म्हणून दिलेली गोळी पाकिटात राहून जाते, तिची गरज उरली आहे का हे पुन्हा कुणी तपासत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना आडून आडून विचारू नका. थेट म्हणा: 'मला ताठरतेची गोळी घ्यायची आहे. नायट्रेटची गरज अजून आहे का?' ते बहुधा स्ट्रेस टेस्ट (श्रम करताना हृदयाची तपासणी) करून पाहतील. गरज नाही असं ठरलं तर ती पाकिटातून आणि घरातूनही काढायची, वाट मोकळी. गरज आहे असं ठरलं तर तोंडाने घ्यायची ही औषधं तुमच्यासाठी नाहीत, पण उपाय संपलेले नाहीत. आपल्या मनाने नायट्रेट बंद करून मग गोळी घेणं, हे मात्र करू नका.

गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर

संबंध तिथेच थांबवा, पाठ टेकून बसा. चक्कर येत असेल तर आडवे व्हा आणि पाय उंचावर ठेवा. जिभेखाली काहीही ठेवू नका. रुग्णवाहिका बोलवा, आणि आलेल्या माणसाला सगळ्यात आधी सांगायचं वाक्य म्हणजे औषधाचं नाव, डोस आणि घेतल्याची वेळ. 'सिल्डेनाफिल, ५० मिलिग्रॅम, रात्री दहाला.' छातीत दुखणाऱ्या माणसाला नायट्रेट देणं ही तिथली नेहमीची पद्धत आहे, तुम्ही बोलला नाहीत तर ते देतील. सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यापासून किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून किमान ४८ तास नायट्रेट टाळतात. त्यानंतरही ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. अवानाफिलसाठी ही मर्यादा १२ तासांची आहे.

म्हणून बायकोला गोळीचं नाव माहीत हवं. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा तीच बोलणार आहे. हे औषध चोरून घेण्याची सवय त्याच्या बहुतेक दुष्परिणामांपेक्षा घातक आहे.

हृदयाला झेपेल का

या गोळ्या हृदयाला इजा करतात अशी समजूत पसरलेली आहे. नीट निवडलेल्या रुग्णात तसं दिसत नाही. सिल्डेनाफिल तर मुळात अँजायनासाठीच, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी, शोधलं जात होतं. तिथे ते फारसं उपयोगी ठरलं नाही आणि १९९८ साली ताठरतेचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. खरा प्रश्न असा की संबंधाचे श्रम हृदयाला झेपतील का. ढोबळ कसोटी म्हणजे दोन मजले जिना बऱ्यापैकी वेगाने चढून छातीत दुखत नाही आणि दम फारसा लागत नाही, तर बहुधा झेपेल. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा जिवावर बेतलेली हृदयाची अनियमित लय झाली असेल, विश्रांतीत छातीत दुखत असेल, रक्तदाब ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर असेल, तर आधी त्यावर उपचार. पूर्वी एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली असेल किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सिकल सेल, रक्ताचा कर्करोग किंवा लिंगाला वाक असेल, तर तेही आधी सांगायचं.

याची दुसरी बाजूही आहे. लिंगाच्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन ते चार. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचतो, पण अरुंद नळी आधी तुंबते. त्यामुळे ताठरता कमी होणं ही कित्येकदा हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असते. गोळी घेऊन ती सूचना दाबून टाकायची आणि साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), रक्तदाब यातलं काहीच बघायचं नाही, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. इच्छाच कमी झाली असेल तर टेस्टोस्टेरॉन तपासावं, तेही सकाळी, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत.

त्या रात्रीचा हिशेब

आधी जेवण. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी घेतलं तर साधारण तासाभरात रक्तातली पातळी शिखरावर जाते. तेलकट, भरपेट जेवणावर घेतलं तर ते शिखर आणखी सुमारे तासभर पुढे सरकतं आणि उंचीनेही जवळजवळ तीस टक्के कमी भरतं. तुम्ही अर्ध्या तासात निकाल लावलात तेव्हा गोळीचा बराचसा भाग पोटातच होता. डोकं ठणकलं, नाक चोंदलं, ती तिची खरी वेळ. तोवर तुम्ही दिवा मालवून झोपला होतात.

याच चुकीतून दुसरी जास्त धोक्याची चूक होते. 'चढली नाही' म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो आणि दोन्ही एकत्र चढतात. सिल्डेनाफिल २४ तासांत एकदाच, काहीही झालं तरी.

मग दारू. दारू स्वतःच ताठरता मारते आणि रक्तदाबही उतरवते. एखादा पेग चालून जातो, त्यापुढे गोळी आणि दारू एकमेकांच्या विरुद्ध ओढतात.

अंधारीचं कारण मात्र टॅमसुलोसिनच्या दिशेने जातं. प्रोस्टेटची ही औषधं (टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, आणि रक्तदाबही उतरवणारी डॉक्साझोसिन, टेराझोसिन, प्राझोसिन) रक्तवाहिन्यांचा ताण कमी करतात. उभं राहताना शरीर पायांकडचं रक्त वर ढकलतं, ती ढकल त्यांच्यामुळे ढिली पडते. त्यावर १०० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल, त्यावर ॲम्लोडिपिन, त्यावर दारू, आणि मध्यरात्री अंथरुणातून ताडकन उठणं. ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांना सिल्डेनाफिल १०० मिलिग्रॅम दिल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ८ अंकांनी आणखी उतरतो, असं तपासण्यांत दिसलं आहे. एकट्या त्याने काही बिघडत नाही. सगळं एकावर एक साचलं की बिघडतं, आणि पडून डोकं आपटलं तर हाड मोडण्यावरही भागत नाही.

टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असणाऱ्याने सिल्डेनाफिलची सुरुवात २५ मिलिग्रॅमने करायची. तीही प्रोस्टेटच्या औषधाचा डोस काही आठवडे स्थिरावलेला असेल तरच, आणि दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवून. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसायचं. वय ६५ च्या वर असेल, यकृताचा आजार असेल किंवा क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती साफ करतं याचं माप) ३० च्या खाली असेल, तरी सुरुवात २५ नेच. इतरांसाठी ती ५०. शंभर हा सुरुवातीचा डोस कुणासाठीच नाही. मित्राची गोळी मित्राच्या प्रकृतीला मापून दिलेली असते, आणि बऱ्याचदा तीही कुणी मापून दिलेली नसते.

कोणतं औषध

हृदयाकडून परवानगी मिळाली असं धरून बोलतो. सिल्डेनाफिलचा भर चार तासांपर्यंत असतो. टाडालाफिल रेंगाळतं, परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो आणि जेवणाने त्यात फरक पडत नाही. ज्याला घड्याळ लावून संबंध नको वाटतो त्याला ते सोयीचं. गरजेपुरतं घ्यायचं तर सुरुवात १० मिलिग्रॅम, वरची मर्यादा २०, दिवसातून एकदाच. दुसरी पद्धत रोज ठरावीक वेळी २.५ किंवा ५ मिलिग्रॅम घेण्याची. पातळी स्थिरावायला पाचेक दिवस लागतात, आणि ५ मिलिग्रॅमचा उपयोग प्रोस्टेटच्या तक्रारींवरही होतो. तुमच्या बाबतीत डॉक्टर याचा विचार करू शकतील, पण टॅमसुलोसिनसोबत द्यायचं का हे उभ्याने आणि झोपून रक्तदाब मोजूनच ठरवायला हवं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रेंगाळण्याची किंमतही आहे: काही बिनसलं तर तेही रेंगाळतं, आणि नायट्रेटची मनाई दुप्पट लांबते. मूत्रपिंड कमजोर असेल तर टाडालाफिल अंगात साठत जातं. क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर रोजची पद्धत नको, आणि गरजेपुरतं घेतलं तरी ५ मिलिग्रॅमच्या वर नाही, तेही ७२ तासांतून एकदा.

इतर औषधांचा संबंध यकृतापाशी येतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल, एचआयव्हीवरचं रिटोनाविर ही औषधं सिल्डेनाफिल मोडणारं यकृतातलं विकर अडवतात, आणि २५ ची गोळी त्याहून मोठ्या गोळीसारखी वागते. रिटोनाविर चालू असेल तर २५ मिलिग्रॅम, तेही ४८ तासांतून एकदा. घशाच्या किंवा त्वचेच्या संसर्गासाठी आठ-दहा दिवस यातलं काही चालू झालं, तर तेवढे दिवस ताठरतेची गोळी बाजूला ठेवलेली बरी. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन उलट करतात. ते औषध झटपट मोडतात आणि नेहमीचा डोस लागू पडत नाही.

वेष्टनावरचं बारीक अक्षर

जेली, जिभेवर विरघळणारी पट्टी, रंगीत गोळी, नावं कितीही असोत, आत सहसा सिल्डेनाफिल नाहीतर टाडालाफिलच असतं. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं मूळ नाव वाचा. 'एक सकाळी, एक वेगळ्या नावाची रात्री' घेणारे अनेकदा एकच औषध दोनदा घेत असतात. प्रोस्टेटसाठीच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत टाडालाफिल असू शकतं. फुप्फुसांच्या रक्तदाबावर सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा टाडालाफिल ४० मिलिग्रॅम रोज देतात. त्या रुग्णाने वर आणखी काही घ्यायचं नाही. काही गोळ्यांत शीघ्रपतनावरचं डॅपोक्सेटिन मिसळलेलं असतं. त्याने भोवळ येऊ शकते, आणि नैराश्यावरची औषधं किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते घेऊच नये.

'शंभर टक्के वनस्पतीजन्य' कॅप्सूल मात्र जास्त फसवी. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना अशा उत्पादनांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल वारंवार सापडलं आहे. नायट्रेट घेणारा माणूस 'गोळी नको, हे साधं आहे' म्हणून नेमकं तेच उचलतो. जडीबुटीच्या कॅप्सूलने तासाभरात ताठरता आली आणि सोबत तोंड लाल होऊन डोकं दुखलं, तर आत काय आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

नेहमीचा त्रास आणि धावपळीचा त्रास

डोकेदुखी, चेहरा तापणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ, हे रक्तवाहिन्या आणि (जळजळीच्या बाबतीत) अन्ननलिकेचे स्नायू सैलावल्याचेच परिणाम. काही तासांत ओसरतात, डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. वारंवार होत असेल तर डोस एक पायरी खाली आणायचा. सिल्डेनाफिलने काही जणांना सगळ्यावर निळसर झाक दिसते, कारण ते डोळ्याच्या पडद्यातल्या पीडीई-६ या त्याच जातीच्या विकरालाही थोडं अडवतं. तेवढा वेळ गाडी चालवू नये. टाडालाफिलने कंबर आणि मांड्या दुखतात, पण घेतल्यावर बारा ते चोवीस तासांनी. त्यामुळे गोळीशी संबंध जोडला जात नाही आणि माणूस कमरेचा एक्स-रे काढून येतो. दोन दिवसांत ते आपोआप जातं.

या तीन गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं: बहुधा दुखत नाही, सकाळी उठल्यावर लक्षात येतं. अचानक कमी ऐकू येणं, कानात आवाज. आणि चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता. शेवटच्या तक्रारीत माणूस लाजेने सकाळची वाट पाहतो आणि तिथेच घात होतो. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत जातो आणि साधारण सहा तासांनंतर ऊतींची हानी सुरू होते. ती हानी कायमची ठरू शकते. रुग्णालयात सुईने रक्त काढून आणि फिनाइलएफ्रिनचं इंजेक्शन देऊन ती उतरवतात. नेहमीच्या डोसने हे क्वचितच होतं. दोन औषधं एकत्र केली, किंवा गोळीवर लिंगातलं इंजेक्शन घेतलं, की शक्यता वाढते.

सवय लागते का, असंही बरेच जण विचारतात. शरीराला लागत नाही, मनाला लागू शकते. पहाटेची ताठरता व्यवस्थित असलेल्या तरुण माणसाने धास्तीपोटी गोळी धरली तर पुढे गोळीशिवायची धास्ती वाढते. त्याला समुपदेशन जास्त लागू पडतं. इच्छा वाढवणं, गर्भ रोखणं किंवा संसर्ग टाळणं यातलं काहीही ही गोळी करत नाही.

लागू पडत नसेल तर

हलकं जेवण झाल्यावर दोन तासांनी किंवा रिकाम्या पोटी, तासभर आधी, घाई न करता, पुरेशा उत्तेजनेसह, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या सहन होणाऱ्या वरच्या डोसवर सहा ते आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय औषध निकामी ठरवू नये. मधुमेहात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही झिजलेले असतात, नळातूनच पाणी कमी येतं, त्यामुळे यश इतरांपेक्षा कमी मिळतं. साखर ताब्यात आणणं आणि सिगारेट सोडणं इथे औषधाच्या बरोबरीने मोजायचं. चालू औषधांकडेही बघा: रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर आणि थायझाइड, नैराश्यावरची काही औषधं, प्रोस्टेटवरचं फिनास्टेराइड यांनी ताठरता कमी होऊ शकते. ती आपल्या मनाने सोडायची नाहीत, पर्याय विचारायचा.

नायट्रेट सोडता येत नसेल किंवा गोळ्या खरोखरच निकामी ठरल्या, तर व्हॅक्युम पंप आहे. त्यातली रबरी कडी अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारायचं. त्यानंतर लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन, ज्याचा पहिला डोस दवाखान्यातच देऊन पाहतात. शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचा इम्प्लांट.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, त्या रात्रीच्या गोळीचं वेष्टन उरलं असेल तर तेही. परवानगी मिळून गोळी सुरू झाली, तर प्रत्येक वेळी तारीख, डोस, किती वाजता घेतली, त्याआधी किती वाजता जेवलात, दारू होती का, कितव्या मिनिटाला परिणाम जाणवला, उभं राहताना चक्कर आली का, एवढं लिहून ठेवा. आठ नोंदी हातात असल्या की डोस बदलायचा, वेळ बदलायची की औषधच बदलायचं, हे पाच मिनिटांत ठरतं.